मदत हवी आहे: जुनं डिपर्सनलायझेशन, सतत स्वतःला तपासत राहणं कसं थांबवायचं?

अधांतर

निदान झालेलं आहे, त्यामुळे ‘मला काय झालंय’ हा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी डिपर्सनलायझेशन-डिरिअलायझेशन डिसऑर्डर असं लिहून दिलंय. थायरॉइड, बी-१२, ईईजी, एमआरआय सगळं नॉर्मल. मला विचारायचंय ते असं, की इतकं जुनं झालेलं हे दुखणं कुणाचं खरंच ओसरलंय का? आणि ओसरलं असेल तर काय केल्यावर?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. माझ्या आणि जगाच्या मध्ये काच आहे असं वाटतं. समोरचा माणूस दिसतो, त्याचं बोलणं कळतं, माझं उत्तरही बरोबर जातं, पण हे सगळं माझ्या बाबतीत घडतंय असं वाटत नाही. स्वतःचा आवाज कानावर पडला की हा कोण बोलतोय असं होतं. टाइप करताना हात दिसतात, ते माझेच आहेत हे माहीत असतं, तरी परके वाटतात. ओळखीचे रस्ते सपाट दिसतात. काल घडलेलं आज आठवलं तर ते मला कुणीतरी सांगितलं असावं असं वाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी येऊन बिलगते तेव्हा माझा तिच्यावर जीव आहे हे मला पक्कं माहीत असतं, पण आत काही हलत नाही.

सुरुवात सोळा-सतराव्या वर्षी झाली. परीक्षेचे दिवस, झोप जवळजवळ नाहीच, आणि एका रात्री पॅनिक अटॅक आला. अटॅक थोड्या वेळात गेला, हे मात्र मागे राहिलं. मधली काही वर्षं इतकं सौम्य होतं की विसर पडायचा. नोकरीतल्या ताणाच्या काळात परत जोरात आलं आणि आता हटायला तयार नाही.

काम चालू आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच पंचाईत. ‘तू तर ठणठणीत दिसतोस’ हे वाक्य आता मला पाठ आहे.

उठल्या उठल्या माझं पहिलं काम म्हणजे ‘आज आहे का ते?’ हे बघणं. मग दिवसभर तेच. आरशात बघतो, हात निरखतो, आधी कसं वाटायचं ते आठवून पाहतो. थांबवायला गेलं की ‘आता मी तपासत नाहीये ना?’ हेही तपासतो. यातून बाहेर कसं पडायचं? आणि हे वाढत जाऊन पुढे वेड लागेल ही भीती कितपत खरी आहे?

वाटसरू९

अहो, हा तर साक्षीभाव! लोक यासाठी वर्षानुवर्षं साधना करतात, तुम्हाला घरबसल्या मिळालाय. घाबरू नका, ध्यान वाढवा, श्वासाकडे बघत राहा.

कोरडी_शाई

वाटसरू, हेतू चांगला आहे, पण हा सल्ला देऊ नका. साक्षीभावात शांतता असते असं म्हणतात. इथे माणूस धास्तावलेला आहे आणि स्वतःच्या लेकीची माया त्याला जाणवत नाहीये. शिवाय डोळे मिटून स्वतःकडे बघत बसल्यावर हा परकेपणा वाढतो असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मला आलाय. ज्यांचा आजारच स्वतःला न्याहाळण्यावर पोसला जातो त्यांना आणखी न्याहाळायला कशाला सांगायचं?

अधांतर, वेड लागण्याच्या भीतीबद्दल: सायकोसिसमध्ये, म्हणजे ज्याला लोक वेड म्हणतात त्यात, माणसाला आपली चुकीची समजूतच खरी वाटते. तुम्ही मात्र ‘असल्यासारखं वाटतं’ असं लिहिलंय. काच नाही हे तुम्हाला कळतं. हे कळणं शाबूत असणं हा या निदानाचा निकषच आहे.

मनमोकळी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथलं लिहिणं सर्वसाधारण समजा, तुमच्या डॉक्टरांच्या जागी नाही.

कोरडी_शाई यांचं बरोबर आहे. थोडी भर घालते. अशी क्षणिक जाणीव पुष्कळ लोकांना कधी ना कधी होते: जागरण, प्रवासाचा शीण, अपघात, जवळच्याचा मृत्यू. ती आपोआप जाते. कायम राहणारा विकार मात्र साधारण १ ते २ टक्के लोकांमध्ये आढळतो, स्त्री-पुरुषांत जवळपास सारखाच, आणि सुरुवात बहुतेक वेळा किशोरवयात होते. म्हणजे तुमची गोष्ट अगदी नेहमीची आहे. तरीही निदान व्हायला अनेकांची वर्षं जातात, कारण रुग्णाला शब्द सापडत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ते नैराश्य वाटतं.

मेंदूत काय होत असावं याचा एक आराखडा सिएरा आणि बेरिओस या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडला. असह्य भीतीच्या वेळी मेंदूचा पुढचा भाग भावनांच्या केंद्रांना दाबून धरतो. डोकं लख्ख जागं राहतं आणि भावना बधिर होतात. प्राण वाचवण्याच्या क्षणी ही सोय उपयोगाचीच. दुखणं असं की धोका टळल्यावरही ती बंद होत नाही. नंतर २००१ मध्ये एफएमआरआयने (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनने) काही रुग्ण तपासले, तेव्हा किळसवाणी चित्रं बघताना त्यांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग इतरांच्या मानाने कमी सक्रिय दिसला. म्हणून मुलीबद्दल मी असं म्हणेन की तुमची माया आटलेली नाही, ती जाणवण्याची वाट दाबली गेली आहे. या फरकाने लगेच बरं वाटणार नाही, पण ‘मी वाईट बाप आहे’ हे त्यावरचं दुसरं ओझं तरी उतरवा.

आता तपासण्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. हंटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जे मॉडेल मांडलं त्याचा आधार पॅनिकच्या मॉडेलमध्ये आहे. विचित्र वाटतं, त्याचा अर्थ ‘मेंदू बिघडला’, ‘मी नाहीसा होतोय’ असा लावला जातो, त्यातून भीती येते, भीतीने लक्ष आत वळतं आणि आत वळलेल्या लक्षाला आणखी विचित्र वाटतं. कोणीही सलग पाच मिनिटं आपला हात निरखला तर तो परका वाटू लागेल. तुम्ही हे दिवसभर करताय आणि प्रत्येक वेळी निकाल ‘अजून आहे’ असाच येतोय.

त्यामुळे उपचारात लक्षण घालवण्याच्या मागे आम्ही थेट लागत नाही. आधी हा अर्थ बदलतो, मग तपासण्याच्या आणि टाळण्याच्या सवयी एकेक करून सोडवतो. या सीबीटीची (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीची) २००५ मध्ये २१ रुग्णांवर चाचणी झाली. बऱ्याच जणांना फरक पडला, काही जण निदानाच्या निकषांतून बाहेरही आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला अंतिम पुरावा म्हणता येत नाही, पण दिशा बरी दिसते.

‘तपासायचं नाही’ असं ठरवून ते थांबत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. त्याऐवजी लक्षाला बाहेर काम द्या. कोणी बोलत असेल तर त्याचं म्हणणं नंतर तिसऱ्याला सांगायचं आहे अशा बेताने ऐका. चालताना दूरचा एक आवाज, जवळचा एक आवाज शोधा. तपासण्याची हुक्की आली तर तिच्याशी भांडू नका, ‘आली’ म्हणा आणि हातातलं पुढे चालू ठेवा.

काठावरून

मी यातून बाहेर आलेय. बाहेर म्हणजे वर्षातून कधीतरी, जागरण झालं की, तासभर ते येतं आणि मी भाजी चिरत राहते, इतपत.

लोक विचारतात एका दिवसात गेलं का. नाही. आधी भीती गेली, लक्षणं तशीच होती. हा टप्पा मला कुणी आधी सांगितला असता तर फार बरं झालं असतं, कारण तेव्हा मला वाटलं की उपचार फसले. परकेपणा तोच, फक्त त्याची धास्ती नाही. त्यानंतर मध्येच एखादा तुकडा खरा वाटायचा, म्हणजे एखादं हसू, ओल्या मातीचा वास. आणि दर वेळी मी त्याच्यावर झडप घालायचे, ‘आलं, आलं!’ की लगेच गायब. बरं वाटण्यावरही पहारा ठेवायचा नसतो हे फार उशिरा उमगलं.

ग्राउंडिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पाच वस्तू बघा, थंड पाण्यात हात घाला वगैरे. घबराट चढलेली असताना ते कामाचं आहे. पण मी ते दिवसभर करायचे आणि दर वेळी ‘गेलं का?’ बघायचे. म्हणजे ग्राउंडिंगच्या नावाखाली तपासणीच. याविषयी रात्री-अपरात्री वाचत बसणं हाही त्यातलाच प्रकार. हा धागासुद्धा तुम्ही किती वेळा उघडताय ते बघा :)

आणि लक्षणं असतानाच गोष्टी करायच्या. ‘बरं वाटलं की मित्रांना भेटेन’ हे वाक्य माझ्या कामाचं नव्हतं. काचेपलीकडून का होईना, भेटत राहिले.

अधांतर

सगळ्यांचे आभार. धागा किती वेळा उघडला ते सांगत नाही.

मनमोकळी, एक अडतंय. माझ्या समुपदेशकांनी रोज तीन वेळा शून्य ते दहा असा आकडा लिहायला सांगितलाय. एकीकडे तपासू नका, दुसरीकडे आकडे लिहा, हे कसं जमायचं? मला तर वही उघडली की ते जास्तच होतं.

आणि औषधांचं काय? सध्या एसएसआरआय (नैराश्य-चिंतेवरचं औषध) चालू आहे. चिंता कमी झाली, हे नाही.

मनमोकळी

शंका रास्त आहे. वहीचा उद्देश मर्यादित असतो. ‘हे चोवीस तास सारखंच असतं’ अशी जवळपास प्रत्येक रुग्णाची खात्री असते. आठवडा-दोन आठवडे नोंदी केल्या की आकडा हलतो असं दिसतं, कामात गुंतल्यावर खाली, एकटं आणि थकलेलं असताना वर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वहीचं काम झालं. ती कायमची ठेवली तर तुम्ही म्हणता तेच होईल. समुपदेशकांना सरळ विचारा की कधी थांबायचं. आकड्यासोबत ‘तेव्हा काय करत होतो’ हे लिहीत नसाल तर नुसता आकडा निरुपयोगी आहे.

औषधांबद्दल साफ सांगायचं तर या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. फ्लुओक्सेटिन या एसएसआरआयची २००४ मध्ये प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना झाली, परकेपणावर विशेष फरक दिसला नाही. लॅमोट्रिजिन हे फिट्सवरचं औषध एकटं दिलं तेव्हा २००३ च्या छोट्या चाचणीत उपयोग झाला नाही. एसएसआरआयच्या जोडीला दिल्यावर काही रुग्णांना फायदा झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्याचे पुरळासारखे दुष्परिणाम गंभीर होऊ शकतात म्हणून डोस फार हळू वाढवावा लागतो. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. तुमची चिंता कमी झाली म्हणजे औषधाने त्याचं काम केलंय. ‘हे जात नाही’ म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडल्यावर जे होतं त्यात डोकं गरगरणं आणि हाच परकेपणा दोन्ही येऊ शकतात.

इतर वाचकांसाठी: अधांतर यांच्या तपासण्या झाल्यात, सगळ्यांच्या झालेल्या नसतात. हे चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं असेल, किंवा काही मिनिटांचे झटके येत असतील, सोबत, प्रत्यक्षात नसलेले वास येणं, मध्येच भान हरपणं, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. फिट्सचा एक प्रकार असा दिसू शकतो. मायग्रेनमध्येही होतं. गांजा ओढल्यावर सुरू झालं असेल तर तो पूर्ण बंद, ‘थोडासा’ नाही. आणि लहानपणी सतत अपमान, धाक, मारझोड सोसलेली असेल तर ते थेरपिस्टला सांगा. तिथे कामाचा क्रम बदलतो. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

कोरडी_शाई

अधांतर, घरी सांगितलंय का?

अधांतर

बायकोला ‘थकवा आहे’ एवढंच माहीत आहे. ‘तू मला खरी वाटत नाहीस’ हे कुठल्या तोंडाने सांगू?

काठावरून

तसं नकाच सांगू, ते तिला तिच्याबद्दल वाटेल. मी नवऱ्याला म्हटलं होतं, “माझ्या जाणिवेला बधिरता आलीये, दाढ काढताना येते तशी. तू बोललास की कळतं, पोचायला वेळ लागतो. हे तुझ्यामुळे नाही. रोज ‘आज कसं आहे’ विचारू नकोस, बाहेर चल म्हण.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. घरचे काळजीने विचारतात आणि आपली तपासणी पुन्हा सुरू होते.

अधांतर

हे जसंच्या तसं वापरणार आहे. वहीचं समुपदेशकांना विचारतो आणि लॅमोट्रिजिनचं डॉक्टरांना. धाग्याच्या सूचना बंद करतोय, त्यामुळे उत्तर उशिरा आलं तर राग मानू नका.