विषय: गृहकर्ज मिळायच्या आधीच ३८,५०० मागतायत, शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: पाथर्डी फाट्याची ताई, लेस्टर

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय. कोजागरीला बोललो होतो तोच नाशिकचा फ्लॅट. ५८ लाखांत ठरलाय, ४५ लाखांचं कर्ज लागेल. तिकडच्या एका एजंटनं माझ्या धाकट्या भावाला व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र पाठवलंय, चांगल्या नावाजलेल्या फायनान्स कंपनीचं. व्याज ६.२५ टक्के, २० वर्षं फिक्स, माझ्या इथल्या पगाराचे कागदसुद्धा नकोत. फक्त ‘फाइल आणि विमा’ म्हणून ३८,५०० रुपये यूपीआयनं भरायचे. शनिवारी मंजुरीची मुदत संपते म्हणे. बिल्डरचं वेगळंच, १० लाख आधी द्या, मग करारनामा. आई म्हणते, एवढ्या कमी व्याजाला परत कुठं मिळणार, भरून टाक.
कुणी अलीकडे नाशिकमध्ये गृहकर्ज काढलंय का?

---

प्रेषक: इंदिरानगरवाले काका

ताई, एक रुपयासुद्धा भरू नका. पगाराचा कागद न बघता परदेशातल्या माणसाला ४५ लाख कोण देतं? आणि २० वर्षं फिक्स? मला एवढंच सांगा, यूपीआयवर पैसे पाठवायला गेलं की वर नाव कुणाचं येतं?
आमच्या थोरल्या बंधूंना म्हसरूळच्या प्लॉटच्या वेळी असंच पत्र आलं होतं. त्यावर रिझर्व्ह बँकेचा गोल शिक्का होता. रिझर्व्ह बँक कुणाचंही घरकर्ज मंजूर करत नाही, तसा शिक्का दिसला की पत्र तिथंच फाडावं. त्यांनी फाडलं नाही. आधी २२ हजार, मग ‘जीएसटीचे’ १८ हजार, मग ‘पैसे सोडायचा चार्ज’. वहिनींची पाटली गेली त्यात.

---

प्रेषक: सातपूरचा (नवीन सभासद)

काका, तुमच्या बंधूंचं वाईट वाटलं, पण कर्ज मिळण्याआधी पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असं सरसकट लिहू नका. माझा आतेभाऊ १४ वर्षं याच धंद्यात आहे. फाइल दाखल करताना बऱ्याच कंपन्या लॉगिन फी घेतात, कर्ज नामंजूर झालं तरी ती परत मिळत नाही. अशानं प्रामाणिक एजंटचीही बदनामी होते. ताई, हवा तर त्याचा नंबर देतो.

---

प्रेषक: मंडळाच्या सचिव

नंबर इथं देऊ नये ही विनंती. गेल्या वेळी तिकिटांच्या एजंटवरून काय झालं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. नातेवाईक कितीही चांगला असला तरी पैशांच्या व्यवहारात मंडळाचं नाव यायला नको. अनुभव जरूर लिहा.

---

प्रेषक: इंदिरानगरवाले काका

सचिवताईंचं बरोबर आहे. सातपूरकर, लॉगिन फी असते हे मला मान्य आहे. पण ती कंपनीच्या खात्यात जाते, पावती मिळते, फाइल नंबर मिळतो. शाखेत जाऊन तो नंबर सांगितला की समोरचा माणूस संगणकावर फाइल उघडून दाखवतो. माझं म्हणणं तेवढंच आहे.

---

प्रेषक: सातपूरचा

मग आपलं एकमत आहे. आतेभाऊसुद्धा चेक कंपनीच्याच नावानं घेतो.

---

प्रेषक: वकील वहिनी, कॉव्हेंट्री

लॉगिन फीवर दोन दिवस गेले, आणि ताईंनी विचारलेल्या १० लाखांबद्दल कुणीच बोललं नाही!
घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ५८ लाखांवर ते ५ लाख ८० हजार होतात. ‘१० लाख दिले की करारनामा’ हे त्यात बसत नाही, सरळ सांगा त्यांना. महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, जमिनीवर आधीच कर्जाचा बोजा आहे का तेही तिथं बघता येतं. सूची दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, काढा. सेरसाईवर (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) थोडी फी भरून शोध घेता येतो, तोही घ्या.
आता कर्जाचं. रिझर्व्ह बँकेच्या यादीत कंपनीचं नाव सापडलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कंपनी खरीच असेल, तिचं नाव वापरणारा खोटा असतो. पत्रावरचा फोन नंबर लावू नका, भावाला थेट शाखेत पाठवा. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’वर गेलीत, त्यामुळे बँकेच्या नावाचं पण पत्त्याच्या शेवटी ते नसलेलं पान आलं तर थांबा. आणि सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं. व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे त्यात एका जागी येतं. त्यात न लिहिलेला चार्ज तुमच्या लेखी संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.
विम्याचं म्हणाल तर तो त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही.

---

प्रेषक: कॉलेज रोडची

वहिनी, विम्याचं लिहिलंत ते बरं झालं. आमच्या कर्जात एकरकमी विमा न विचारता मुद्दलात मिळवला होता, म्हणजे २० वर्षं त्याच्यावरही व्याज. कागद नीट वाचले तेव्हा कळलं. तीन चकरा मारून काढायला लावला.

---

प्रेषक: इंदिरानगरवाले काका

कागदांवरून आठवलं. आमचं कर्ज फिटून सात महिने झाले तरी मूळ खरेदीखत परत मिळेना. शाखेत गेलं की ‘मुंबईहून यायचंय’. ही २०१८ ची गोष्ट. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ताई, कागद जमा करताना एकेका पानाची यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्या.

---

प्रेषक: पाथर्डी फाट्याची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाऊ शरणपूर रोडच्या शाखेत जाऊन आला. काउंटरवरच्या बाईंनी पत्र हातात घेतलं आणि खालचा फाइल नंबर बघून लगेच म्हणाल्या, आमचा नंबर इतक्या आकड्यांचा नसतोच. असं पत्र घेऊन येणारा त्या आठवड्यातला तो तिसरा. यूपीआयवर एका बाईचं नाव येत होतं, पुढं कंपनीचा उल्लेखही नाही. पैसे गेले नाहीत. पण आईनं आधार आणि पॅनचे फोटो आधीच पाठवलेत. कालपासून ती जेवली नाही, ‘माझ्यामुळे झालं’ म्हणते. आता काय करायचं?

---

प्रेषक: वकील वहिनी

आधी आईंना फोन करा आणि पैसे वाचलेत हे पुन्हा पुन्हा सांगा. मग भावाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवायला सांगा, रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या तक्रारींच्या पोर्टलवरही टाका. आईंच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. त्यांच्या नावावर कुणी कर्जाची चौकशी केलीय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो.
खऱ्या कर्जाला भाऊ सही करणार असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्या. नाशिकला पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ते विसरू नका.

---

प्रेषक: पाथर्डी फाट्याची ताई

आईशी बोलले, रात्री थोडा वरणभात खाल्ला तिनं. बिल्डर ५ लाखांवर आलाय. वाणिज्य दूतावासाची वेळ २४ ची मिळालीय. मुखत्यारपत्राची मूळ प्रत पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. डिसेंबरात कुणी नाशिकला जाणार आहे का?

---

प्रेषक: कॉलेज रोडची

मी ६ ला निघतेय. आदल्या रविवारी घरी आणून दे, आईंच्या हातात नेऊन देते.