कार्ड ‘सेटल’ झालंय, सिबिल स्कोअर ६१२. कार लोन कुठून घ्यावं?

पांढरीपाटी:
नमस्कार मंडळी. धंदा बंद झाला तेव्हा २०२२ मध्ये एक क्रेडिट कार्ड बँकेशी बोलून सेटल केलं, ४८,००० माफ झाले. पर्सनल लोन पूर्ण फेडलं, पण सिबिलच्या रिपोर्टमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) उशिरा भरलेले हप्ते दिसतात. आता पगारी नोकरी, हातात ४२,०००. शिल्लक दोन लाख. गाडी ऑन रोड पाच लाखांच्या आत हवी, हप्ता ९,००० च्या वर झेपणार नाही. नव्या ऑफिसला बस नाही, म्हणून गाडी लागणारच आहे. कोणाकडे अर्ज करू?

गिअरबॉक्स:
पाच लाखांत काय येतं हल्ली? थोडं ताणा आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. माझी आहे, घाटात तिसऱ्या गिअरवर सुद्धा दम लागत नाही. बारा लाखांपर्यंत ऑन रोड येते. सात वर्षांचं लोन केलं की हप्ता जाणवत नाही.

हिशोबवही:
@गिअरबॉक्स, त्यांनी ९,००० म्हटलंय. आणि मुदत वाढवली की हप्ता कमी होतो, व्याज नाही. चार लाख १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,९३० आणि एकूण व्याज सव्वा लाख. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ७,५०० च्या आसपास, व्याज २ लाख ३० हजार.

ताई, अर्जाआधी रिपोर्टमधला ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलेलं) हा शेरा काढा. बँकेला लेखी विचारा की माफ केलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) म्हणून सिबिलला कळवाल का. ‘हो’ लेखी आल्यावरच भरा, फोनवरच्या ‘हो’वर नको. भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घ्या, त्यावर कार्डाचा नंबर आणि तारीख असावी. १ जानेवारी २०२५ पासून बँका किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, म्हणून महिन्याभराने रिपोर्ट काढून बघा. बदल नसेल तर सिबिलच्या साइटवर डिस्प्युट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे. सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, बँकेने होकार दिला तरच बदलतं.

सह्यवारा:
एवढी खटपट कशाला? सात वर्षांनी सगळं आपोआप जातं.

हिशोबवही:
नाही. सिबिलसारख्या कंपनीने माहिती ‘किमान’ सात वर्षं ठेवायची, असा नियम आहे. सातव्या वर्षी पुसायचीच, असं त्यात कुठेही नाही. या भरवशावर लोक बसून राहतात.

माजी_लोनडेस्क:
अनुमोदन. त्यात भर: शोरूममधल्या फायनान्सवाल्याला पॅन आणि ओटीपी लगेच देऊ नका. तो एकाच दुपारी चार-पाच ठिकाणी फाइल टाकतो, प्रत्येक ठिकाणची चौकशी तुमच्या रिपोर्टमध्ये नोंदली जाते. पुढच्या मॅनेजरला दिसतं की ही व्यक्ती दारोदार फिरतेय, आणि नकार येतो. स्वतः रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही ब्युरोंचा (सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. चारही काढा, एकात ‘क्लोज्ड’ आणि दुसऱ्यात ‘सेटल्ड’ राहिलेलं असतं. पहिला अर्ज पगार जिथे जमा होतो त्याच बँकेत.

घरचाहप्ता:
पतसंस्थेतून घ्या. ओळख असली की दोन जामीनदारांवर आठवड्यात पैसे हातात. सिबिल कोणी विचारत नाही.

माजी_लोनडेस्क:
पैसे मिळतील, पण बहुतेक पतसंस्था ब्युरोला काहीच कळवत नाहीत. तीन वर्षं हप्ते वेळेवर भरूनही स्कोअर होता तिथेच. नागरी सहकारी बँक वेगळी, ती कळवते.

सह्यवारा:
दिवाळखोरी जाहीर केली असती तर पाटी कोरी झाली असती ना? कायदा आहे.

हिशोबवही:
आयबीसीतला (दिवाळखोरीच्या नव्या कायद्यातला) व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू झालाय. बाकीच्यांना १९२० चा जुना कायदा, मुंबईत १९०९ चा. रिपोर्टमधल्या नोंदी तरीही राहतात. त्यांचा प्रश्न हा नाहीच.

आजोळ:
सोनं असेल तर गोल्ड लोन. आरसीवर (गाडीच्या नोंदणीवर) कर्जाचा बोजा नाही, नंतर एनओसीसाठी (बँकेच्या ना-हरकत पत्रासाठी) हेलपाटे नाहीत. किंवा वडिलांना सहकर्जदार करा. नाहीतर सहा महिने थांबा.

हिशोबवही:
सहकर्जदार केलं की कर्ज त्यांच्याही रिपोर्टमध्ये चढतं. हप्ता चुकला तर दोघांचा स्कोअर पडतो.

थांबणं मात्र मलाही पटतं. २०,००० ची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्या. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत. बिल पूर्ण भरलं तरी त्याआधीची थकबाकी रिपोर्टला जाऊ शकते, म्हणून ती आधीच कमी करून ठेवा. बिल पूर्ण भरा, ‘मिनिमम ड्यू’ नको.

गिअरबॉक्स:
जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी. नवीनच घ्या. आणि व्याज काय, १० टक्के फ्लॅटनेसुद्धा मिळतं.

माजी_लोनडेस्क:
१० टक्के फ्लॅट (कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर), पाच वर्षं, म्हणजे घटत्या शिलकीवर सव्वासतरा टक्के. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या अटी आणि खर्चाचा तक्ता) मागा, ते देणं बंधनकारक आहे. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, बघा. प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला विमा त्यात उघडा पडतो. फिक्स्ड रेट असेल तर मुदतीआधी फेडल्यास किती दंड, तेही वाचा.

पांढरीपाटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ४८,००० भरते आहे, बँकेचं लेखी उत्तर आलं. पण सहा महिने थांबणार नाही. सोनं आईचं आहे, ते गहाण ठेवायचं नाही, आणि वडिलांची सही घेणार नाही. उरलेले दीड लाख आणि अडीच लाखांचं लोन, म्हणजे चार लाखांची वापरलेली हॅचबॅक. पगाराच्या बँकेने १६ टक्के घटत्या शिलकीवर, तीन वर्षं, हप्ता ८,७८९ सांगितलाय. व्याज सुमारे ६६,००० जाईल. महाग आहे, कळतंय. पण हे कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आणि एकटीच्या पगारावर फिटायला हवं.

सह्यवारा:
६६,००० व्याज! त्यापेक्षा सहा महिने रिक्षाने जा.

माजी_लोनडेस्क:
ठरलंय तर कागद नीट करा. ‘नो ड्यूज’ पत्र अर्जालाच जोडा, ब्युरोत बदल व्हायच्या आत फाइल गेली तर तेवढाच आधार. वाहन पोर्टलवर आधीच्या मालकाचा बोजा आहे का बघा. असेल तर त्याच्या बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, तुमच्या बँकेचा बोजा चढवायला ३४. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्या. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी मागून घ्या. पगार एक दिवस पुढे गेला आणि नॅच (खात्यातून हप्त्याची आपोआप वळती) बाउन्स झाला तर दोन्हीकडून दंड लागतो, आणि रिपोर्टमध्ये पुन्हा उशीर दिसतो.