मदत हवी आहे: रात्री काम चालू असताना संगणक अपडेटसाठी आपोआप बंद होतो, कसा थांबवू?

शाईबोटे (13 सप्टेंबर 2025)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि प्रवासवर्णनं वाचून गुपचूप निघून जाणाऱ्यांपैकी. आज अगदीच गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. संगणकातलं मला कामापुरतंच कळतं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

तालुक्याच्या गावी आमचा लहानसा छापखाना आहे. मशीन नवरा बघतो. अक्षरजुळणी आणि पानं लावणं माझ्याकडे. वर्षभर लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल. पितृपक्षात पत्रिका छापायला कुणी येत नाही, म्हणून दरवर्षी याच पंधरवड्यात दिवाळी अंकाची पानं लावायला घेते. दिवसा गिऱ्हाईक, फोन, झेरॉक्सवाली पोरं. खरं काम रात्री जेवणं उरकल्यावर.

परवा गुरुवारी रात्री साडेदहाला बसले. मजकुराची पानं पेजमेकरमध्ये आधीच लागली होती, राहिल्या होत्या शुभेच्छा जाहिराती. त्या मी कोरल या चित्रं-जाहिराती करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. ज्यांनी केल्यात त्यांनाच कळेल हे काय दुखणं असतं. अध्यक्षांचा फोटो मोठा, उपाध्यक्षांचा त्याहून कणभर लहान, संचालक सगळे एका मापाचे. आणि दोन संचालकांचं आपसात पटत नसेल तर ते शेजारी शेजारी यायला नकोत. अशा चौदा जाहिराती एकाच फाईलमध्ये पानामागून पान करत गेले. दोन वाजून गेले तेव्हा शेवटचीचं फक्त दूरध्वनी क्रमांकाचं काम बाकी होतं. म्हटलं, घोटभर चहा टाकावा.

चहा घेऊन आले तर पडदा निळा. मध्ये ठिपके गरगर फिरतायत आणि खाली लिहिलंय, अपडेटचं काम चालू आहे, 27 टक्के, संगणक बंद करू नका. मी कप हातात धरून तशीच उभी. 27 चे 30 व्हायला किती वेळ लागतो ते मला आता पाठ आहे.

पाऊण तासाने सुरू झाला. कोरल बंद, जाहिराती गायब. सकाळी साडेसातला पहिल्या फर्म्याच्या (एका वेळी छापायच्या पानांच्या गठ्ठ्याच्या) पीडीएफ कोल्हापूरला प्लेटवाल्याकडे जायच्या होत्या, त्या गेल्या नाहीत. नंबर गेला तो गेलाच, आता पुढच्या आठवड्यात.

वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर आहे. याला कुठला इन्व्हर्टर लावू?

प्रश्न तीन:
हे आपोआप रिस्टार्ट होणं कायमचं थांबवता येतं का?
गेलेली फाईल मिळण्याची काही आशा?
आणि जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) अपडेटनंतर ओळखेना झालाय, ते काय असेल?

ता. क. : फाईल सेव्ह केली नव्हती का, असं विचारणार असाल तर विचारू नका. घरात विचारून झालंय.

खटपट्या

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. कोरल चालू करून त्यात नवीन काहीही करत बसू नका. कोरल ठरावीक वेळाने स्वतःची एक प्रत ठेवत असतो आणि नीट बंद केला तर ती पुसून टाकतो. तुमचा नीट बंद झालेला नाही, म्हणजे प्रत शिल्लक असण्याची शक्यता बरी आहे. फाईलला एकदा तरी नाव दिलं असेल तर तिच्याच फोल्डरमध्ये, नाव दिलंच नसेल तर टेम्प फोल्डरमध्ये. शोधताना ‘ऑटोबॅकअप’ हा शब्द इंग्रजीत टाका, फाईलच्या नावाची सुरुवातच त्याने होते. सापडली की तिथेच उघडू नका, आधी डेस्कटॉपवर कॉपी करा.

पेजमेकरची पानं वाचली असतील. तो म्हातारा पान बदललं की गुपचूप सेव्ह करतो.

डोंगल दुसऱ्या यूएसबीत घालून बघा, शक्यतो मागच्या बाजूच्या. नाहीच लागला तर ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, त्यात ‘कोअर आयसोलेशन’. तिथलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरांना ते आत घेत नाही. कुठला ड्रायव्हर अडवलाय त्याची यादी तिथेच दिसते. लगेच बंद करून टाकू नका, आधी डोंगलवाल्याकडे नवा ड्रायव्हर मागा.

पहिल्या प्रश्नासाठी सांगा: विंडोज 10 की 11? होम की प्रो? आणि ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये काय वेळ दिसते?

शाईबोटे

11, होम. अ‍ॅक्टिव्ह अवर्स शोधायला अर्धा तास गेला. तिथे ‘मॅन्युअली’ आहे आणि सकाळी 8 ते संध्याकाळी 5. मी तरी हे कधी भरलेलं नाही. आणखी एक कळलं. ऑगस्टमध्ये अहवालांची गर्दी होती तेव्हा थोरल्याने अपडेट ‘पॉज’ केलं होतं, पाच आठवड्यांसाठी. मला सांगितलं नव्हतं. गुरुवारी रात्री कोपऱ्यात काहीतरी चौकोन आला होता खरा. मी ‘नंतर’ दाबून पुढे गेले.

डोंगल मागच्या यूएसबीत लागला! फाईल शोधतेय.

रात्रपाळी

झालं, सगळं उलगडलं. ताई, तुमच्या संगणकाला कुणीतरी सांगून ठेवलंय की ही बाई सरकारी कचेरीत कामाला आहे. 8 ते 5. पाचनंतर तुम्ही घरी गेलात असं तो धरून चालतो, आणि रात्री दोन म्हणजे तर त्याच्या दृष्टीने रान मोकळं.

अ‍ॅक्टिव्ह अवर्सचा अर्थ एवढाच, की या वेळात मी स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही. हाताने जास्तीत जास्त 18 तास देता येतात. तुम्ही सकाळी 10 ते पहाटे 4 द्या, बरोबर 18 होतात. ‘ऑटोमॅटिकली’वर ठेवू नका. त्यात तो तुमच्या वापरावरून अंदाज बांधतो आणि तुम्ही चार दिवस माहेरी गेलात की अंदाज बिघडतो.

त्याच पानावर, म्हणजे सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, दोन खटके आणखी बघा. ‘गेट मी अप टू डेट’ बंद हवा. तो चालू असेल तर अ‍ॅक्टिव्ह अवर्स गेले खड्ड्यात, पंधरा मिनिटं आधी सूचना देऊन तो भर कामात रिस्टार्ट करतो. माझ्या बहिणीने नाव चांगलं वाटलं म्हणून चालू केला होता. आणि रिस्टार्टची गरज असेल तेव्हा कळवा, असा एक आहे, तो चालू हवा.

आता पॉजचं. थोरल्याला रागावू नका, त्याने हेतू चांगलाच ठेवला होता. पण पॉज म्हणजे उधारी आहे. जास्तीत जास्त पाच आठवडे. ते संपले की थकलेलं सगळं भरल्याशिवाय पुन्हा पॉज मिळत नाही. तुमची मुदत या गुरुवारच्या आसपास संपली असणार, आणि दोनच दिवस आधी, मंगळवारी 9 तारखेला, महिन्याचा नवा हप्ता आलेला. दोन्ही एकत्र आले आणि रात्रीचे दोन वाजले.

यातली ग्यानबाची मेख म्हणजे हा मंगळवार. सुरक्षेची अपडेटं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या गावी सकाळचे दहा, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. वर्षानुवर्षं हाच वार आहे. म्हणजे आपल्याकडेही मंगळवारीच रात्री. मी रात्रीच्या शिफ्टमध्ये भाषांतरं करतो, कालनिर्णयवर दुसऱ्या मंगळवारभोवती लाल गोल करून ठेवलाय, संकष्टीच्या शेजारी. त्या रात्री काम आवरलं की स्वतः ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबतो, रिस्टार्ट करतो आणि झोपतो. महिनाभर पुन्हा त्याचं तोंड बघत नाही. महिन्याच्या शेवटी शेवटी काही ऐच्छिक अपडेटं दिसतात, त्यांना हात लावायचा नाही.

कायमचं बंद कसं करायचं ते मी सांगणार नाही.

एक_घाव

मी सांगतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट ‘डिसेबल’. विषय संपला. गेली तीन वर्षं माझ्या दुकानातल्या मशीनला अपडेट नाही, काही झालेलं नाही. आणि खरं ऐकायचं असेल तर लिनक्स टाका.

खटपट्या

लिनक्सवर त्यांचा कोरल आणि डोंगल तुम्ही येऊन चालवून देणार का? मग गाडीभाडं मी देतो.

आणि डिसेबल केलेली सर्व्हिस तशीच राहत नाही. अपडेटची यंत्रणा दुरुस्त ठेवायला विंडोजमध्ये वेगळी एक सर्व्हिस आहे, ती येऊन याला पुन्हा उठवते. तीन वर्षांत तुमच्याकडे नक्की काय चाललंय ते एकदा ‘अपडेट हिस्ट्री’त बघाच.

न्हावाशेवा_रिटर्न

एक_घाव, काही झालेलं नाही हे वाक्य मी 2017 पर्यंत पुष्कळ ऐकलंय.

वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला 12 मे 2017 ला. ज्या भगदाडातून तो आत शिरत होता ते बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच आलेलं होतं. जवळपास दोन महिने! ज्यांनी ‘नंतर’ दाबलं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या. तोही इतर वाटांबरोबर त्याच भगदाडाचा वापर करत होता, आणि त्याने आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. संगणक बंद म्हणजे कुठला कंटेनर कुठे ठेवलाय तेच कळत नाही.

आता माझ्याच बोलण्याला फाटा फोडतो. नॉटपेट्याची सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे ज्यांनी वेळेवर अपडेट केलं, त्यांच्याच घरी आधी चोर आला. आणि जुलै 2024 मध्ये जगभरचे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले, विमानतळावर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तेही एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळेच. तेव्हा शाईबोटेताईंची भीती काही वेडगळ नाही. दुसऱ्या मंगळवारी लगेच नको वाटत असेल तर आठवडाभर पॉज करा, तेवढ्यात बोंबाबोंब झालीच तर कानावर येते. पाच आठवडे मात्र नको.

पुस्तकवेडा

माझ्याकडे विंडोज 10 आहे. त्याची अपडेटं 14 ऑक्टोबर 2025 ला बंद होणार म्हणे. म्हणजे मी सुटलो ना?

रात्रपाळी

सुटला नाहीत, उघडे पडलात. नाव नोंदवलंत तर घरगुती वापरासाठी सुरक्षेची अपडेटं आणखी एक वर्ष मिळतील, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा येतोय, आला की नोंदवून टाका. यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहू द्या.

जाता जाता: कुणाकडे प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत ‘लॉग-इन असलेल्या माणसाला न विचारता रिस्टार्ट करू नये’ अशा अर्थाची ओळ आहे, ती चालू करा. होममध्ये ग्रुप पॉलिसीचं ते पानच नाही. होमवाल्यांनी हवं तर वायफाय ‘मीटर्ड’ ठरवून टाकावं, म्हणजे डेटाचे पैसे पडतात असं समजून तो बहुतेक अपडेटं उतरवायचं टाळतो. पण टाळतो म्हणजे साठवतो, हे लक्षात ठेवा.

शाईबोटे

सापडली!! टेम्पमध्ये होती. वेळ 1 वाजून 51 मिनिटं. चौदापैकी अकरा जाहिराती जशाच्या तशा. बाराव्या जाहिरातीत अध्यक्ष आहेत, संचालक नाहीत. ते काय, बसवते पुन्हा.

खटपट्या दादा, तुमच्या पोटात साखर पडो. ऑटोबॅकअप वीस मिनिटांवर होता, पाचवर आणला. अवर्स 10 ते 4 केले. ‘गेट मी अप टू डेट’ बंदच होता, ‘कळवा’ही बंद होता, तो चालू केला.

एक राहवत नाही म्हणून बोलते. मला अपडेट नकोच असं मी कुठे म्हणतेय? मशीनला तेल घालायला नवराही दर शनिवारी मशीन बंद ठेवतो. पण कागद लागलेला असताना, रोलर फिरत असताना कुणी तेलाची बुधली घेऊन मध्ये येत नाही. 8 ते 5 ही वेळ ज्याने कुणी ठरवली असेल, त्याच्या घरात रात्री जेवणानंतर काम करायला बसणारी बाई नसावी.

रात्रपाळी

हे वाक्य फ्रेम करून ठेवतो. पुढचा मंगळवार 14 ऑक्टोबर. दिवाळीच्या तोंडावर येतोय, सांभाळा.

शाईबोटे (15 ऑक्टोबर 2025)

धागा वर काढतेय, कारण काहीजणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून पुढे काय झालं विचारलं.

काल दुसरा मंगळवार. शेवटच्या फर्म्याची पीडीएफ नऊलाच पाठवून टाकली. साडेदहाला ‘चेक’ दाबलं, काही नव्हतं. अकराला पुन्हा दाबलं, तर हजर. उतरायला लावून भाजणी मळायला घेतली. रिस्टार्ट मी माझ्या हाताने दाबलं, पिठाच्याच बोटाने. कीबोर्डवर अजून तिखट आहे.

या वेळी 27 ला नाही, 30 ला अडकलं. तोवर चकलीचा एक घाणा झाला.

सकाळी डोंगलचा दिवा पुन्हा लागला नाही. पुढच्या यूएसबीत घातला, लागला. का, ते विचारायचं मी सोडून दिलंय. अंक वसुबारसेला बांधणीतून येतोय. बाराव्या जाहिरातीतल्या त्या दोन संचालकांना घाईघाईत शेजारी शेजारीच बसवलंय, हे छापून झाल्यावर लक्षात आलं.