ब्रिटनला स्थलांतरितांनी काय दिलं? हिशेब फक्त पौंडांचाच का?

लेस्टरवासी:
४ जुलै २०२४ ला मी इथे लेस्टरमध्ये मतदान केलं. भारतीय पासपोर्ट टेबलावर ठेवला, बाईंनी यादीत नाव शोधलं आणि मतपत्रिका हातात दिली. बोटाला शाई नाही. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती, तिनेच फुली मारायची. राष्ट्रकुल देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं.

पुण्याच्या एका स्नेह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "कशाला त्यांच्या राजकारणात पडतोस? कमव, कर भर, गप्प राहा. तेच तुझं योगदान." ते बोलणं मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

गप्प राहणाऱ्यांनी हा देश घडवलेला नाही. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती, आमच्याकडे येऊ नका म्हणून. लोक तरीही आले, हातात जेमतेम पन्नासेक पौंड. कारखान्यांत पाळ्या केल्या, बेलग्रेव्ह रोडवर दुकानं उभी केली. आज त्याच रस्त्यावर दिवाळीची रोषणाई बघायला हजारो लोक जमतात. ही गोष्ट सगळे सांगतात.

जयाबेन देसाईंची कमी सांगतात. १९७६ मध्ये लंडनच्या विल्सडेन भागातल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून त्या बाहेर पडल्या आणि जवळजवळ दोन वर्षं संप चालवला. साडी नेसलेल्या बायका थंडीत गेटवर उभ्या. क्रिकलवुडच्या पोस्टातल्या कामगारांनी कारखान्याचं टपाल अडवलं, यॉर्कशायरचे खाणकामगार पाठिंब्याला आले. संप हरला. पण ज्या कामगार संघटना आशियाई कामगारांना चार हात लांब ठेवायच्या, त्यांचे हजारो सभासद या बायकांसाठी रस्त्यावर उतरले. ही भर कुठल्या खात्यात मांडायची?

कोयनाकाठ:
तुम्ही वहीचं एकच पान वाचताय. ब्रिटनच्या खात्यात जे जमा झालं, ते कुणाच्या तरी खात्यातून वजा झालंय.

२०१९ मध्ये माझ्या बहिणीचं बाळंतपण अडलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, भूलतज्ज्ञ नव्हता. रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला नेलं, दीड तास लागला. सलाइनची बाटली मी हाताने वर धरून बसलो होतो, खड्डा आला की नळी हलायची. दोघंही वाचली, देवाची कृपा. पण सरकारी कॉलेजात लोकांच्या पैशावर शिकून परदेशी गेलेल्या डॉक्टरांचं कौतुक आता मला ऐकवत नाही.

इथे कुणीतरी दादाभाई नौरोजींचा दाखला देईलच, १८९२ मध्ये ते फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेले म्हणून. आर्थिक निःसारणाचा सिद्धांत मांडणारेही तेच दादाभाई. हिंदुस्थानची संपत्ती तिकडे वाहून जाते आणि बदल्यात इथे काही येत नाही, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. मग डॉक्टर वाहून जातात त्याला काय म्हणायचं?

वेल्सची सून:
कोयनाकाठ, तुमच्या बहिणीचं वाचून पोटात गोळा आला. तरी सांगते. माझे सासरे सत्तरच्या दशकात वेल्सच्या कोळसा खोऱ्यात फॅमिली डॉक्टर झाले. त्यांना सर्जन व्हायचं होतं. मिळाली ती जागा, जिथे इथले डॉक्टर जायला तयार नव्हते. खाणीची धूळ बसलेल्या छात्या त्यांनी आयुष्यभर तपासल्या, एकेका घरातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. हे कौतुक मी सोडणार नाही.

आणि तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही, त्याचा दोष लंडनला देण्याआधी पुण्यात किती आहेत ते मोजा.

कोयनाकाठ:
पुण्याचं मान्य. निःसारणाचं उत्तर मात्र आलं नाही.

रात्रपाळी:
मला 'योगदान' हा शब्दच खुपतो. मी केअर वर्कर आहे. सकाळी सातला एका आजींकडे जाते. त्यांना उठवायचं, अंग पुसायचं, गोळ्या द्यायच्या, चहा ठेवायचा, आणि तेवढ्यात पुढच्या घराची वेळ होते. त्या माझा हात सोडत नाहीत.

आमच्या कामासाठी २०२२ मध्ये व्हिसा उघडला. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना नवरा-मुलं आणायला बंदी. जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद. माणसं कमी पडली तेव्हा बोलावलं, मग दार लावलं. त्याआधी गृहमंत्री असताना नियम कडक करणाऱ्या प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातूनच आलेले. राजकारणात आपलं माणूस पोहोचलं, म्हणून मी टाळ्या का वाजवू?

आणि लेस्टरवासी, तुमच्याच शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यांत किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जाते, हे २०२० मध्ये देशभर गाजलं. तिथे राबणाऱ्या बायकांत कितीतरी आपल्याच उपखंडातल्या. शहराच्या भरभराटीत त्यांची न मिळालेली मजुरीही आहे.

लेस्टरवासी:
कारखान्यांचं खरं आहे. तो आमच्या शहरावरचा डाग आहे, मी लिहायला हवं होतं. म्हणूनच मला बेलग्रेव्ह रोडपेक्षा जयाबेन मोठ्या वाटतात.

पटेलबाईंबद्दल मलाही चीड आहे. पण आलेल्यांची मुलं एकाच बाजूने बोलतील असं कुठे ठरलंय? त्यांना पाडायचं तर मत लागतं. तुम्ही मतदार यादीत नाव घातलंय का?

कोयनाकाठ, निःसारणाचं उत्तर माझ्याकडे नाही.

रात्रपाळी:
नाही घातलं. मला वाटायचं नागरिकत्व मिळाल्यावरच घालता येतं. भाड्याच्या खोलीचा पत्ता चालतो का?

लेस्टरवासी:
चालतो. ऑनलाइन फॉर्म आहे, दहा मिनिटांत होतो.