उत्तर: उत्तर: गणपती वर्गणी (आणि भाड्याच्या राउटरचं काय करायचं?)

सोमवार, रात्री १०:४० | न्यूर्नबर्गहून, नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

वर्गणीच्या मेलमध्ये भलताच विषय घुसवतोय, आधीच सॉरी, पण मराठीत विचारायला इथे दुसरी जागा नाही. आम्ही एप्रिलमध्ये पुण्याहून आलो, नेट घेतलं, कंपनीने एक पांढरा डबा पाठवला आणि मी तो मुकाट्याने लावला. आता बिल नीट वाचलं तर त्या डब्याचं महिन्याला ६ युरो भाडं! करार दोन वर्षांचा, म्हणजे १४४ युरो देऊन डबा शेवटी त्यांचाच. वर मागच्या खोलीत वायफाय येत नाही, बायको ऑफिसचे कॉल ओट्यापाशी उभी राहून घेते, मागे कुकरच्या शिट्ट्या. हॉटलाइनला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं तर बाई म्हणाली, आमच्या लाइनवर फक्त आमचाच राउटर चालतो. खरंय का हे?

सोमवार, रात्री ११:२५ | एर्लांगनचा काका

अरे ती बाई काहीही सांगते. १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत राउटरफ्राइहाइट आहे, म्हणजे राउटर कुठला लावायचा ते गिऱ्हाईक ठरवणार. त्याआधी काही कंपन्या डब्यालाच आपल्या नेटवर्कचा भाग म्हणायच्या आणि लॉगिनचा पासवर्ड देतच नव्हत्या, मी तेव्हा एका कंपनीशी तीन महिने पत्रापत्री केली, शेवटी कंपनीच बदलली. कायद्याने एवढंच केलं की त्यांची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपवली, पुढे तू काय लावतोस ते तुझं तू बघ. लॉगिनची माहिती करार होतानाच, न मागता, फुकट आणि लेखी द्यायची हेही आता टेलिकॉम कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. फोनवर भांडू नकोस, कलमाचा आकडा घालून दोन ओळींचा मेल टाक, माझ्या अनुभवात आकडा बघितला की सूर बदलतो. नाहीच ऐकलं तर बुंडेसनेट्झआगेंटूरकडे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार करता येते.

पण आधी भिंतीत भोक कसलं आहे ते बघ. फोनचं चपट्या खाचांचं असेल तर डीएसएल, टीव्हीच्या वायरचं गोल असेल तर केबल, आणि बारीक काचेची तार येत असेल तर फायबर. तिघांचे राउटर वेगळे, डीएसएलचा राउटर केबलच्या भोकाला लावून काही होत नाही. माझ्या केलरमध्ये (तळघरात) फ्रिट्झबॉक्स ७४९० नावाचा राउटर पडलाय, डीएसएल असेल तर रविवारी ढोलच्या सरावाला ये आणि घेऊन जा, फुकट.

मंगळवार, सकाळी ७:५० | फ्युर्थची ताई (ट्राममधून, चुका पोटात घाला)

काका बाकी सगळं बरोबर, पण त्याचा प्लान २५० एमबीपीएस स्पीडचा असेल तर ७४९० नको. २५० साठी सुपरव्हेक्टरिंग (फोनच्याच तारेतून जास्त स्पीड काढायचं तंत्र) लागतं, ते ७४९० ला जमत नाही, तो शंभरच्या आसपास अडकणार. ७५९० ला जमतं.

आणि केबलवाल्यांनी माझी फजिती ऐकून ठेवा. क्लाइनआनझायगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर मी सेकंडहँड केबलचा फ्रिट्झबॉक्स घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून दोन दिवस हवेत होते. केबलला राउटरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि सिरीयल नंबर कंपनीकडे नोंदवावा लागतो, तो नोंदवायला गेले तर कळलं की हा डबा कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीने तिच्या गिऱ्हाइकाला भाड्याने दिलेला, त्याने परत न करता विकला. नोंदणी झाली नाही. पैसे गेले, आणि दुसऱ्याची वस्तू घरात. दुकानातल्या डब्याचा आणि कंपनीच्या डब्याचा आर्टिकल नंबर वेगळा असतो, विकणाऱ्याकडे मागच्या स्टिकरचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या.

मागच्या खोलीबद्दल खरं सांगू का, नुसता राउटर बदलून ते जाईलच असं नाही. इथल्या जुन्या घरांच्या भिंती बघितल्यास ना? लॅनची वायर टाक नाहीतर मध्ये रिपीटर (वायफाय पुढे पोचवणारा छोटा डबा) लाव.

त्यापुढचा रविवार, रात्री ९:१५ | न्यूर्नबर्गहून, नवीन सभासद

ताई, तुम्ही म्हणालात तस्संच! भोक डीएसएलचं, प्लान २५० चा. मेलला चौथ्या दिवशी लॉगिनचं पत्र आलं, बाई जे नाही म्हणत होती तेच पत्र. काकांचा ७४९० लावला, नेट दहा मिनिटांत चालू, पण स्पीड ९४. मागची खोली होती तशीच, मग पंधरा मीटरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवली, आता बायको खुर्चीत बसून कॉल घेते.

पण एक घोळ झालाय. घरचा फोन मेलाय. साताऱ्याहून आई लँडलाइनवरच फोन करते, तीन दिवस लागला नाही म्हणून तिने माझ्या सासऱ्यांना उठवलं, त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना. फोनचा इंटरनेटशी काय संबंध?

रविवार, रात्री ९:४० | फ्युर्थची ताई

इथे फोन आता इंटरनेटवरूनच जातो. कंपनीच्या डब्यात ती माहिती आधीच भरलेली असते, तुझ्यात तुला भरावी लागेल. पत्राचं दुसरं पान बघ, एसआयपीचं (इंटरनेटवरच्या फोनचं लॉगिन) नाव, पासवर्ड आणि सर्व्हर असेल. ते फ्रिट्झबॉक्सच्या टेलिफोनीत टाक. आधी आईंना फोन कर.

रविवार, रात्री १०:०५ | एर्लांगनचा काका

९४ म्हणजे काही कमी नाही रे, पण पैसे २५० चे देतोस तर ७५९० बघ.

आणि कंपनीचा डबा लगेच परत पाठवू नकोस, आठवडाभर थांब. लाइन बिघडली की हॉटलाइनचं पहिलं वाक्य हेच, तुमचा राउटर खराब आहे. माझ्याकडे एकदा रस्त्यावरच्या खणकामात वायर तुटली होती तरी हेच ऐकवलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा त्यांचाच डबा लावून दाखवला की तोंड बंद होतं. स्वतःचा लावलास की अपडेटही तुझ्याकडे आले, ऑटो अपडेट चालू आहे का बघ. अर्थात कंपनीचा डबा म्हणजे निर्धास्त असंही नाही, नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉइश टेलिकॉम कंपनीच्या जवळपास ९ लाख गिऱ्हाइकांचे राउटर एका हल्ल्यात आडवे झाले होते, आणि तेव्हा त्यांचे स्वतःचे स्पीडपोर्ट राउटरच गडबडले होते.

पुढचा शनिवार, दुपारी १२:३० | न्यूर्नबर्गहून, नवीन सभासद

फोन चालू, आईला म्हटलं मशीन बदललं, ती म्हणाली मग आधी सांगायचं ना. ७५९० सेकंडहँड ९० युरोला मिळाला, स्टिकरचा फोटो मागून घेतला, स्पीड २३८. म्हणजे पंधरा महिन्यांत भाड्याएवढे पैसे वसूल. पांढरा डबा आज पार्सलने गेला, पावती फ्रिजवर चिकटवलीये, कारण परत आलाच नाही म्हणून दंड लावल्याच्या गोष्टी ऑफिसात ऐकल्यात. काका, ७४९० उद्या सरावाला घेऊन येतो, सोबत आईने पाठवलेली बाकरवडी.

शनिवार, दुपारी १:१० | खजिनदार

राउटर लागला असेल तर वर्गणीचंही बघा, हा मेल मुळात त्यासाठी होता. अजून ९ घरं बाकी आहेत, काका त्यातलेच एक.