फ्रेटलेस बास: जॅकोच्या पलीकडे कोणी आहे की नाही?

खर्जातला (धागाकर्ता)

फ्रेटलेस बासचा, म्हणजे दांड्यावर स्वरांच्या जागा आखणाऱ्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) नसलेल्या बास गिटारचा, विषय निघाला की पहिलं नाव अमेरिकन जॅझवाला जॅको पास्टोरियस, दुसरं नावही जॅको पास्टोरियस, आणि तिसऱ्या नावाला लोक डोकं खाजवू लागतात. माझं म्हणणं वेगळं आहे. शिव्या घालण्याआधी पूर्ण वाचा.

जॅको थोर होता यात वाद नाही. पण त्याला 'फ्रेटलेसचा सर्वश्रेष्ठ' म्हणताना आपण बासवरची हुकमत आणि फ्रेट नसण्याचा उपयोग यांची गल्लत करतो. माझी कसोटी साधी आहे. तीच ओळ फ्रेट असलेल्या बासवर वाजवून बघा. काही हरवलं का? नसेल हरवलं, तर वादक थोर असेल, पण ती थोरवी फ्रेटलेसची नव्हे.

१९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं 'डॉना ली' घ्या. बीबॉप या वेगवान जॅझच्या जमान्यातली, सॅक्सोफोनच्या बोटांना सोयीची चाल, आणि साथीला फक्त डॉन अलायसचे काँगा ढोल. अचाट आहे, पण अचाट आहे ती वेगामुळे आणि स्पष्टतेमुळे. 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' तर बहुतेक हार्मोनिक्सवरच, म्हणजे तारेच्या घंटीसारख्या उंच सुरांवरच, उभं आहे. हार्मोनिक काढताना बोट तारेला नुसतं शिवतं, तार खाली टेकतच नाही. मग खाली फ्रेट असला काय नि नसला काय!

आता पिनो पॅलाडिनो ऐका. पॉल यंगचं 'व्हेरेव्हर आय ले माय हॅट', १९८३, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं. गायकाच्या आधी बासच गायला लागतो. त्या मींडी फ्रेटवर घेतल्या तर जिन्यावरून पिंप गडगडल्यासारख्या वाटतील.

आणि मिक कार्न. बँडचं नाव जपान, पोरं लंडनची. १९८१ चा 'टिन ड्रम' लावा. जिथे कोणीही मूळ स्वर धरून बसेल तिथे हा माणूस रबरासारखा ताणत कुठून तरी खालून येतो. बँडमध्ये गायक होता हे काही वेळ विसरायला होतं.

म्हणून माझा क्रम: कार्न, पॅलाडिनो, मग जॅको. या आता.

चारतारा

आलो. कसोटी तुमचीच, आणि उदाहरणंही तुम्हाला सोयीची तीच निवडलेली. त्याच अल्बममधलं 'कंटिन्यूअम' कुठे गेलं? तिथे त्याने बास दोनदा वाजवून एकावर एक बसवलाय. दोन्ही वेळा बोट केसभर इकडेतिकडे पडतं आणि त्या केसभरातून तो झिलमिल आवाज येतो. फ्रेट असते तर दोन्ही वेळा सूर तारेवर बांधल्यासारखा तिथेच पडला असता. चढवा हे तुमच्या कसोटीवर.

शिवाय गायिका जोनी मिचेलचा 'हेजिरा' अल्बम, तोही १९७६ चाच. नऊपैकी चार गाण्यांत जॅको आहे. तिथे तो वेगही दाखवत नाही, चमत्कारही नाही. बाई एक ओळ म्हणतात, हा खालून तिला उत्तर देतो. आणि जॅकोच्या वेदर रिपोर्ट बँडचं 'अ रिमार्क यू मेड'? त्यात बासकडे चक्क मुख्य चाल आहे, संथ, आणि लपायला जागा नाही.

राहिला आवाजाचा मुद्दा. तुमच्या पिनोच्या काळात सगळ्यांना जो 'म्वॉऽऽ' हवा होता तो आला कुठून? जॅकोच्या बासमधून: १९६२ चा फेंडर जॅझ बास, फ्रेट काढलेले, खाचा बुजवलेल्या, वर होडीला लावतात त्या इपॉक्सीचा थर. का, तर खरबरीत राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा लाकडाला कानशीसारख्या खातात. कठीण पृष्ठभाग, खाली आणलेल्या तारा आणि ब्रिजजवळचा (तारेच्या खालच्या टोकाजवळचा) पिकअप, म्हणजे तारेची कंपनं टिपणारं चुंबक, यातून तार पट्टीवर किंचित घसटत बोलते. हे सूत्र ज्याने रूढ केलं त्याला तिसरा नंबर?

मंद्रसप्तक

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण 'सूत्र' शब्दापाशी उठावं लागलं. जॅकोच्या आधी काय सगळे झोपले होते? पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने १९६१ मध्ये एका स्वस्त बासचे फ्रेट उपटले होते. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये फ्रेटलेस बास बाजारात आणला, फेंडरने १९७० मध्ये. महाविष्णु ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये राल्फ आर्मस्ट्राँग हे वाद्य वाजवत होता. आणि पर्सी जोन्स! ब्रायन ईनोच्या १९७५ च्या 'अनदर ग्रीन वर्ल्ड'वर ऐका, जॅकोचा अल्बम यायच्या आधी. गुरगुरतो, घसरतो, मध्येच टिचकी मारल्यासारखा थांबतो. जॅकोशी काडीचा संबंध नाही.

या यादीत जोन्स अजून कोणीच घेतला नव्हता, हे बघून वाईट वाटलं.

चारतारा

पहिला असणं वेगळं, थोर असणं वेगळं. वायमनने फ्रेट उपटले म्हणून त्याला फ्रेटलेसचा महर्षी म्हणायचं का? पर्सी जोन्स मात्र मान्य. चूक कबूल.

कंपनसंख्या

मी वाजवतो (बरा वाजवतो असं म्हणालो नाही), म्हणून जरा मोजमापाचं बोलतो. नेहमीच्या बासवर तारेची बोलती लांबी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. सुरुवातीला एक अर्धस्वर सुमारे ४८ मिलिमीटरचा असतो, सप्तक चढून गेलात की तोच २४ चा होतो. वरच्या भागात बोट पाच मिलिमीटर चुकलं की अर्धस्वराचा पाचवा हिस्सा गेला. तेवढं बेसूर कोणालाही कळतं. शिवाय फ्रेट असताना बोट फ्रेटच्या मागे ठेवलं तरी चालतं, इथे ते नेमकं रेषेवर पडावं लागतं. आणि कित्येक बासांवर रेषाही नसते.

म्हणून मी वेगही बघत नाही, मींडही बघत नाही. लांब धरलेला एक सूर बघतो. आम्ही नवशिके तो लगेच हलवायला लागतो, आंदोलन म्हणून नाही, चूक झाकायला. मोठा माणूस आधी सूर स्थिर ठेवतो आणि मग हवा असेल तर हलवतो. या हिशोबात पॅलाडिनो पहिला.

आणि बकिथी कुमालो कोणाला आठवला नाही? पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड'मधला दक्षिण आफ्रिकेचा वादक. 'यू कॅन कॉल मी अल'मधली ती प्रसिद्ध तान अर्धीच वाजवलेली आहे, पुढची अर्धी म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली. पण त्या गंमतीपेक्षा 'द बॉय इन द बबल' ऐका. आखूड सूर, एकेक शब्द चावून बोलल्यासारखे. फ्रेटलेस म्हणजे नुसतं हळवं वाहणं, हा समज तिथे मोडतो.

काळा_टीशर्ट

इतका धागा झाला आणि मेटलचा एकही माणूस नाही! १९९३: डेथ बँडच्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'वर स्टीव्ह डिजॉर्जिओ, सिनिक बँडच्या 'फोकस'वर शॉन मलोन. दोन गिटारी आणि डबल बास ड्रमच्या खाली सुरात राहून दाखवा म्हणावं तुमच्या पॉपवाल्यांना.

खर्जातला

@काळा_टीशर्ट: सुरात राहतात की नाही हे त्या गदारोळात ऐकू आलं तर ना! (बरं, डिजॉर्जिओ ऐकू येतो. मलोनही. रागावू नका.)

@चारतारा: 'कंटिन्यूअम' मी गाळलं, तो लबाडपणाच. 'हेजिरा'ही मान्य. पण जॅकोने घालून दिलेली वाट म्हणून जे झालं ते? दहा वर्षं प्रत्येक फ्रेटलेसवाला तेच वाजवत होता: तोच पिकअप, तीच मींड, वाक्याच्या शेवटी तोच हार्मोनिक. कार्न त्या लाटेत असून भिजला नाही.

मंद्रसप्तक

अनुयायांच्या पापाचा हिशोब गुरूच्या खात्यावर कशाला?

अवांतर: एबरहार्ड वेबर चालेल का? की उभा बास म्हणून बाद?

खर्जातला

बाद. बास गिटारचं बोलतोय. नाहीतर सगळे डबल बासवाले घुसतील आणि धागा त्यांचाच होईल.

कंपनसंख्या

दोन्ही बास घरी आहेत, म्हणून काल रात्री कसोटी लावून पाहिली. 'ट्रेसी' फ्रेटवर जवळजवळ जशीच्या तशी निघते, धागाकर्त्यांचं बरोबर. 'डॉना ली' मी अर्ध्या वेगात घेतली. स्वर सगळे आले, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला धातूचा 'टक्' ऐकू येतो. जॅकोकडे त्या जागी काहीच नसतं, सूर आपला उगवतो. म्हणजे तिथेही हरवलंच. 'कंटिन्यूअम' दुसऱ्या स्वरालाच गेलं. पॅलाडिनोची सुरुवात तार ओढून ओढून अपेक्षेपेक्षा बरी जमली, तुमचं पिंप काही गडगडलं नाही.

कार्न मला फ्रेटलेसवरसुद्धा वाजवता आला नाही. सबब त्याचा निकाल राखीव.

खर्जातला

राखीव कसला? पहिला नंबर पक्का झाला.

चारतारा

'डॉना ली'चं आधी बोला.