सल्ला हवा: रुग्णालयाच्या स्वयंपाकघरासाठी थर्मामीटर, गन (लांबून रोखून मोजणारी) की सुईवाला (अन्नात खुपसायचा)?

परातभर: ६० खाटा. भात-वरण साडेदहाला उतरतं, शेवटच्या वॉर्डात ताट पोचेपर्यंत साडेबारा. तापमानाची नोंद ठेवायची आहे. बजेट २,००० रुपये.

कढईवाला: गन. लांबून मोजा, धुणंपुसणं नाही. आमची अजून ठणठणीत आहे.

नमुनाबरणी: गन फक्त वरचा थर मोजते. चकचकीत स्टीलवर धरली तर गरम पातेलंही बरंच गार दाखवते. सुईवालाच घ्या. टोक अन्नाच्या मधोमध, तळाला टेकवायचं नाही. दर पदार्थानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. अधूनमधून बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बुडवा, शून्य यायला हवं.

वाफाळ: मोजून अन्न गरम राहतं का? बेन मारी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवायचं यंत्र) घ्या. आमची ४५ हजारांची, एक नंबर.

परातभर: बजेट २,००० आहे हो.

वाफाळ: हप्त्याने मिळते.

नमुनाबरणी: बेन मारी गार अन्न तापवायला नसते. आधी तिचं पाणी तापवा, मग कढत अन्न ठेवा. ६० अंशांच्या खाली उतरू द्यायचं नाही.

कढईवाला: एवढं कशाला? उरलेला भात संध्याकाळी फोडणीत खरपूस परतला की जंतू खलास.

नमुनाबरणी: भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष फोडणीने जात नाही. भात ठेवायचाच तर उथळ ट्रेमध्ये पसरा. दोन तासांत २१ अंश, पुढच्या चार तासांत ५. जमत नसेल तर फेका.

पथ्यपाणी: सुईवालाच घ्या. आणि रुग्णांना नळीने द्यायचं पातळ अन्न मिक्सरमध्ये करता ना? पात्याखालचं वायसर काढून धुता का? शिजवलेल्यात जंतू परत शिरतात ते तिथूनच. कोशिंबिरीच्या भाज्यांना ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) लिटरभर पाण्याला १ मिली, मग स्वच्छ पाण्याने धुवा. फरशीचं सुगंधीवालं नको!

कढईवाला: रुग्णांना कोशिंबीर हवीच कशाला?

परातभर: सगळ्यांचे आभार. गन मागवली. तीन आचारी, सुई पुसणार कोण? पातेल्यावर नाही धरणार, अन्न ढवळून मोजू. भात दोन घाण्यांत, दुसरा साडेअकराला. उरलेला टाकणार.

नमुनाबरणी: वाफ जाऊ द्या आधी. गनच्या काचेवर बसली की आकडा चुकतो.